डबा बदलणारी माणसं

मेसच्या जेवणावर सगळ्यात जास्त ओरडणारी मुलं कोण असतात, हे कधी नीट पाहिलंय? सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. डाळ पातळ आहे, पोळ्या चामड्यासारख्या आहेत, रविवारच्या पनीरच्या भाजीत पनीर शोधायला मायक्रोस्कोप लागतो, वगैरे वगैरे. दुसऱ्या महिन्यात हीच मुलं बाहेरच्या काकूंचा डबा लावतात. आणि मग मेसमध्ये एकदम शांतता! मेसवाले खूश, मेस कमिटी खूश. मेस सुधारली का? छे. ओरडणारे गेले, इतकंच.

आता हे काही मी माझ्या हुशारीने शोधून काढलेलं नाही. आपल्याला इकॉनॉमिक्सचा एक पेपर असतो, ज्याच्याकडे आपण सगळे 'स्कोअरिंग' एवढ्याच नजरेने बघतो. एक रेघ वरून खाली येते, एक खालून वर जाते, दोघी मधे कुठेतरी भेटतात, दहा मार्क. त्या पेपरसाठी लायब्ररीत पुस्तक शोधताना मला आल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं एक छोटंसं पुस्तक सापडलं. 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी', साल १९७०. गणित अगदी थोडं, त्यामुळे आधी शंकाच आली की हे इकॉनॉमिक्सच्या कपाटात कसं? पण वाचायला घेतलं आणि अर्ध्या तासात मला त्यात आमची डोंबिवली दिसायला लागली. मग परीक्षा राहिली बाजूला.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे या तीन शब्दांना मराठीत काय म्हणायचं यावर मी आणि माझी रूममेट बराच वेळ भांडलो. शेवटी तह झाला तो असा : एक्झिट म्हणजे 'निघून जाणं', व्हॉइस म्हणजे 'आवाज उठवणं' आणि लॉयल्टी म्हणजे 'आपलेपणा'. ('निष्ठा' हा शब्द तिने सुचवला होता, पण तो राजकीय पक्षांनी इतका वापरलाय की आता त्याचा रंग उडालाय.)

हर्शमन यांचं स्वतःचं आयुष्य एखाद्या सिनेमासारखं आहे. १९१५ साली बर्लिनमध्ये जन्म, ज्यू कुटुंब. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि या मुलाला अठराव्या वर्षी देश सोडावा लागला. पुढे १९४० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातून नाझींपासून पळणाऱ्या माणसांना बाहेर काढायच्या कामात ते होते. मग अमेरिका. म्हणजे 'निघून जाणं' या विषयावर लिहायचा अधिकार या माणसाला पुरेपूर होता! २०१२ मध्ये, ९७ वर्षांचे असताना ते वारले.

त्यांचा मुद्दा कळायला अगदी सोपा आहे. एखादी कंपनी, शाळा, पक्ष, गाव किंवा देश बिघडायला लागला की त्यातल्या माणसाकडे दोन रस्ते असतात. एक तर निघून जायचं, नाहीतर तिथेच राहून आवाज उठवायचा. इकॉनॉमिक्सवाल्यांना पहिला रस्ता आवडतो. दुकानदार वाईट माल देतो? दुसऱ्या दुकानात जा, तो आपोआप सुधारेल. पण हर्शमन म्हणतात, थांबा. नायजेरियातल्या रेल्वेचं त्यांना कोडं पडलं होतं. तिकडे उत्तरेतले शेंगदाणे बंदरापर्यंत न्यायचे, अंतर लांबलचक, म्हणजे रेल्वेचा हातखंडा विषय. तरी माल ट्रकने जायला लागला. स्पर्धा आल्यावर रेल्वे सुधारायला हवी होती ना? ती सुधारलीच नाही. कारण ज्यांना रेल्वेचा ढिसाळपणा सगळ्यात जास्त खुपत होता, जे जाऊन टेबलावर हात आपटू शकले असते, तेच आधी ट्रककडे गेले. रेल्वे सरकारी, पैसे बुडाले तरी चालू राहणार. तक्रार करणारेच उरले नाहीत, मग ती कोणासाठी सुधारणार?

आता नायजेरियातून थेट डोंबिवली स्टेशनवर या.

माझे बाबा गेली सत्तावीस वर्षं डोंबिवलीहून सीएसएमटीला जातात. सकाळी बसायला मिळावं म्हणून आधी उलटे कल्याणला जातात आणि तीच गाडी पकडून परत डोंबिवलीवरून पुढे जातात. याला आमच्याकडे 'डाऊन करणं' म्हणतात. म्हणजे पुढे जायचं म्हणून रोज आधी मागे जायचं! त्यांचा गाडीत एक ग्रुप आहे. ठाणे आलं की बसलेल्यांनी उठायचं आणि उभ्या असलेल्यांनी बसायचं, हा त्यांचा नियम. कुठे लिहिलेला नाही, पण कोणी मोडत नाही. दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण लावतात, पेढे वाटतात. हर्शमन ज्याला आपलेपणा म्हणतात तो याहून वेगळा काय असणार? गर्दीच्या वेळच्या लोकलसाठी रेल्वेकडे 'सुपर डेन्स क्रश लोड' असा एक खास शब्द आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये लोड शिकतो, तो लोखंडावरचा. हा माणसांवरचा. आणि तसल्या डब्याला ही माणसं तोरण बांधतात.

पण या ग्रुपमधून गेल्या काही वर्षांत कोण कोण कमी झालं, हे मी बाबांना विचारलं तेव्हा यादी ऐकण्यासारखी निघाली. एकांनी ठाण्यात घोडबंदर रोडला घर घेतलं. एकांनी गाडी घेतली, ऑफिसातल्या तिघांना बरोबर नेतात, पेट्रोल वाटून घेतात. एक एसी लोकलचा पास काढतात. आमच्याच बिल्डिंगमधले वरच्या मजल्यावरचे काका, जे प्रवासी संघटनेसाठी रेल्वेला इंग्रजीत कडक पत्रं लिहायचे, नियमांचे नंबर टाकून, ते रिटायर होऊन मुलाकडे पुण्याला गेले. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे होते, ओळखी होत्या, इंग्रजी होतं, ते एकेक करून डब्यातून उतरले. यात कोणाचंच चुकलं नाही. सगळ्यांनी आपापल्या घरासाठी शहाणपणाचाच निर्णय घेतला. पण डब्यात मागे राहिलेल्यांचं काय? काका गेल्यापासून ती पत्रं आता कोण लिहितं, हे विचारल्यावर बाबा नुसते हसले.

याच रेल्वेचा एक भाग १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे असा सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी गाडी कल्याणला पोचली. ठाणे-कल्याणची माणसं देशात सगळ्यात आधी गाडीत बसली. आणि ठाणे ते दिवा हा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचा प्रकल्प २००८ मध्ये मंजूर होऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाला. चौदा वर्षं. आपली चार वर्षांची डिग्री साडेतीन वेळा होते तेवढ्यात, आणि तीही केटीसकट.

आता बोगद्याची गोष्ट. हर्शमन यांनी १९७३ मध्ये मायकेल रॉथचाइल्ड यांच्या गणिताच्या मदतीने एक लेख लिहिला, त्यात हे उदाहरण आहे. समजा, तुम्ही एका बोगद्यात गाडीत अडकलाय. दोन रांगा, दोन्ही एकाच दिशेच्या, दोन्ही ठप्प. तेवढ्यात शेजारची रांग हलते. तुम्हाला काय वाटेल? आधी चक्क बरं वाटतं! चला, पुढे मोकळं झालं, आता आपलाही नंबर. पण दहा मिनिटं गेली, वीस गेली, ती रांग चाललीच आहे आणि आपण तिथेच. मग तोच आनंद रागात बदलतो. कुठेतरी लबाडी चालू आहे असं वाटतं आणि माणूस मधली रेघ ओलांडायला निघतो. देशाच्या विकासाचंही असंच असतं, असं ते म्हणतात. शेजाऱ्याची भरभराट सुरुवातीला लोक सहन करतात, नव्हे, तिच्यात स्वतःची आशा बघतात. पण ती आशा म्हणजे उधारी आहे. कधीतरी फेडावीच लागते.

आम्हा कल्याण लाइनवाल्यांना बोगदा समजावून सांगायची गरज नाही. १९१६ सालचा पारसिक बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. कित्येक वर्षं फास्ट लोकल त्यातून सुसाट जायच्या आणि स्लो गाड्या मुंब्रा-कळव्याला वळसा घालून यायच्या. पण हर्शमनचा बोगदा मला दिसला तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये. पहिली एसी लोकल मुंबईत २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर आली. आपल्या मध्य रेल्वेवर २०२० मध्ये. तेव्हा तिच्याबद्दल राग नव्हता, कौतुकच होतं. लोक सेल्फी काढायला चढायचे. मे २०२२ मध्ये एसीचं साधं तिकीट निम्म्याने उतरलं, पहिल्या पाच किलोमीटरचे ६५ चे ३० रुपये झाले. म्हणजे शेजारची रांग हलली, आता आपलीही हलेल. पण १९ ऑगस्टपासून मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या वाढवल्या, त्या नव्या नव्हत्या, दहा साध्या फेऱ्यांच्या जागी आल्या. नुसती शेजारची रांग पुढे गेली असं नाही, तिने आपल्या रांगेतली जागा घेतली. कळव्याला लोकांनी एसी लोकल अडवली, बदलापूरला प्रवासी स्टेशनमास्तरांच्या ऑफिसवर गेले. २५ ऑगस्टपासून त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या गेल्या.

एसी लोकल वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. दारं बंद होणारी गाडी हवीच. का हवी, ते ९ जून २०२५ ला सगळ्यांना कळलं. दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. यापुढे मुंबईसाठी बनणाऱ्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील, असं रेल्वेने तेव्हा जाहीर केलं.

त्या सकाळी बाबांचा फोन पावणेदोन तास लागत नव्हता. तो वेळ कसा गेला हे लिहायला माझं मराठी पुरणार नाही, आणि इंग्रजीही. बाबा दुसऱ्या गाडीत होते, सुखरूप होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या गाडीने ऑफिसला गेले. मी चिडून विचारलं, "बाबा, आज तरी कशाला गेलात त्या गाडीने?" ते म्हणाले, "अगं, दुसरी आहे कुठे?"

हर्शमनच्या अख्ख्या पुस्तकाचा सारांश त्या चार शब्दांत आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. ज्याला निघून जायचा रस्ता नाही आणि ज्याचा आवाज कोणी ऐकत नाही, तो माणूस रोज सकाळी कामाला जातो. बाहेरून बघणारे त्याला 'मुंबईचं स्पिरिट' म्हणतात.

आणि आवाजाला रोजचा, साधा रस्ता मिळाला नाही की तो भलत्या रस्त्याने बाहेर पडतो. २ जानेवारी २०१५ ला गाड्या खोळंबल्यावर दिव्याला प्रवाशांनी रूळ अडवले, दगडफेक झाली. २००५ मध्ये आलेला निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' आठवतो? संदीप कुलकर्णीचा माधव आपटे म्हणजे शांतपणे सगळं सोसणारा माणूस, एक दिवस बॅट घेऊन निघतो. पण दगड आणि बॅट याने गाड्या वाढत नाहीत. साधा रस्ता म्हणजे मत, अर्ज, सभा, नगरसेवक. तिथे आमचं काय चित्र आहे? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कल्याण मतदारसंघात निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिलं. आणि आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, तर पुढची पाच वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार. म्हणजे एकीकडे आवाज द्यायची खिडकी बंद आणि दुसरीकडे खिडकी उघडी असते तेव्हा आम्ही सुट्टी मिळाली म्हणून अलिबागला!

यात माझा स्वतःचा नंबर कुठे लागतो, हेही सांगायला हवं. बाबा मराठी शाळेत शिकले, नगरपालिकेच्या. मला त्यांनी कॉन्व्हेंटमध्ये घातलं. त्यांच्या सगळ्या मित्रांनी मुलांना तिथेच घातलं. हर्शमनने शाळांचं उदाहरण दिलंय, ते वाचताना मला आमचं घर दिसलं. सरकारी शाळा जरा घसरली की शिक्षणाची सगळ्यात जास्त काळजी असणारे पालक आधी बाहेर पडतात. मग पालक-सभेला उभं राहून "गणिताला शिक्षक का नाही?" असं विचारणारं उरत नाही. शाळा अजून घसरते, अजून पालक जातात. बाबांनी मला तिथे घातलं म्हणून आज मी इथे आहे, त्याबद्दल मी कायम ऋणी राहीन. पण त्या वर्गात जे बाक रिकामे झाले त्यातला एक माझा होता, हेही खरं. हॉस्टेलला राहणं हीसुद्धा रोजच्या चार-पाच तासांच्या प्रवासातून सुटकाच. आणि आपल्या विंगमध्ये रात्री दोन वाजता जीआरईचे शब्द पाठ करणाऱ्या ज्या मुली आहेत, त्यांच्याविषयी वेगळं काय लिहू? त्यात मीही आहे.

मग निघून जाणं वाईट का? हर्शमन स्वतः निघून गेले नसते तर वाचले नसते. या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही बऱ्याच उशिरा मिळालं. निघून जाणं वाढलं की आवाज कमी होतो, असं त्यांचं आधीचं म्हणणं. पण १९८९ मध्ये त्यांच्याच जर्मनीत उलटं घडलं. पूर्व जर्मनीतली माणसं हंगेरीमार्गे हजारोंनी देश सोडायला लागली आणि ते बघून मागे राहिलेली माणसं लाइपझिगच्या रस्त्यावर उतरली. आम्ही कुठेही जाणार नाही, असं सांगत. नोव्हेंबरमध्ये भिंत पडली. १९९३ मध्ये हर्शमन यांनी यावर लेख लिहून सांगितलं की कधी कधी या दोन गोष्टी एकमेकींचा हात धरून चालतात.

हे वाचताना मला वाटलं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या महाराष्ट्रात आहे आणि तेही एका अर्थशास्त्रज्ञाचं. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला घटना आठवते, पण त्यांच्या पदव्या कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या, आणि रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं पुस्तक १९२३ चं. त्यांनी आधी आवाज उठवला. १९२७ ला महाडचं चवदार तळं, १९३० ला नाशिकचं काळाराम मंदिर. ऐकलं गेलं नाही, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षं थांबून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या साथीने बौद्ध धम्म स्वीकारला. धर्मांतर ही काही नुसती इकॉनॉमिक्सची गोष्ट नाही, एवढं मलाही कळतं. पण बघा, तेही निघून जाणंच होतं, तरी त्यात शांतता नव्हती. आधी बोलून, का जातोय ते सांगून, सगळ्यांना बरोबर घेऊन केलेलं निघून जाणं. असं निघून जाणं हाच एक मोठा आवाज होतो.

आपलं निघून जाणं कसं असतं? एकेकट्याने, गुपचूप, आपली सोय झाली की. माझा आक्षेप जाण्याला नाही, या गुपचूपपणाला आहे. ज्याला बाहेर पडायची सोय असते त्याचंच बोलणं समोरचा जरा कान देऊन ऐकतो, आणि नेमका तोच न बोलता जातो.

त्यामुळे माझ्यापुरतं मी ठरवलंय. पुढच्या महिन्यात काकूंचा डबा लावायचा विचार आहे, पण त्याआधी मेसच्या तक्रारवहीत तारीख घालून, सही करून एक पान लिहिणार. मेस कमिटीच्या मीटिंगला ज्या दोन ज्युनिअर मुली एकट्याच जातात त्यांच्याबरोबर जाणार. सुट्टीत घरी गेले की वरच्या काकांना पुण्याला फोन करून त्यांच्या जुन्या पत्रांची फाइल मागवणार. इंग्रजी मला येतं, कॉन्व्हेंटचा तेवढा तरी उपयोग डोंबिवलीला होऊ दे. आणि मतदार यादीत नाव आहे, त्या दिवशी सबमिशन असलं तरी घरी जाणार. एचओडी सर, ही रजेची आगाऊ सूचना समजावी!

उद्या अमेरिकेत गेले, पुण्याला गेले किंवा ठाण्यापर्यंतच गेले, तरी बाबांची गाडी रोज सकाळी सुटणारच आहे. तिच्यात मी नसेन. पण तिच्याबद्दल बोलायला मला कोणी बंदी केलेली नाही. तुम्हालाही नाही. पटलं तर आज रात्री जेवल्यावर मेसमधली ती वही एकदा उघडून बघा. पेन बहुधा सापडणार नाही, घरून घेऊन या.